चौथ्या मजल्यावरचं सीताफळ

बडी चौडीतला आमचा जुना वाडा पाच वर्षांपूर्वी बिल्डरला दिला, तेव्हा आजीने भांडी मागितली नाहीत की देव्हारा मागितला नाही. अंगणातल्या सीताफळाच्या मूठभर बिया तेवढ्या पदराला बांधून आणल्या. ते झाड आजोबांनी लावलेलं, बीडजवळच्या धारूरहून आणलेल्या बियांचं. तेव्हा बीड आणि हैदराबाद एकाच निजामी राज्यात होते.

मणिकोंड्याच्या फ्लॅटच्या गच्चीवर मी अर्ध्या कापलेल्या पिंपात लाल माती, वाळू आणि शेणखत भरून त्या बिया लावल्या. महिन्याभराने पाच रोपं वर आली, त्यातलं एक ठेवलं. पोटच्या लेकरासारखं जपलं! रोज पाणी, दर पंधरा दिवसांनी खत. झाड हिरवंगार झालं, फुलंही आली आणि सगळी गळाली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आजी नव्वदीला टेकलेली. ती विचारायची, "लागलं का गं?" मला उत्तर देववत नसे.

गेल्या दसऱ्याला एका लग्नासाठी झहिराबाद, बिदर, उदगीर, अंबाजोगाई करत आम्ही धारूरला गेलो. बालाघाटचे डोंगर मी पहिल्यांदाच पाहत होते. नुसता मुरूम आणि दगड, आणि त्या दगडांच्या फटींतून सीताफळंच सीताफळं. कुणी लावली नाहीत, कुणी पाणी घालत नाही. शेळ्यासुद्धा त्यांच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. बीडच्या या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण घाटात पाट्या घेऊन बसलेल्या बायांना त्याचं काही नव्हतं. त्यांचं लक्ष फळाच्या डोळ्यांकडे. डोळे मोठे झाले, मधल्या रेघा पिवळसर पडल्या, की तोडायचं.

एका मावशींना मी माझं रडगाणं सांगितलं. त्या हसायलाच लागल्या. "रोज पाणी घालता? मग कसं लागंल फळ? ताण द्या की जरा त्याला."

परत आल्यावर जानेवारीपासून मी पाणी जवळजवळ बंद केलं. पानं पिवळी पडली, गळाली. घरातल्यांनी झाड मेलं म्हणून जाहीर केलं. मलाही रात्री उठून तांब्याभर पाणी घालावंसं वाटायचं, खोटं कशाला बोलू! पण सीताफळाचा डोळा पानाच्या देठाखालीच दडलेला असतो. पान गळाल्याशिवाय तो सहसा फुटत नाही. एप्रिलच्या शेवटी पुन्हा पाणी सुरू केलं आणि पंधरवड्यात पालवी आली, तिच्यासोबत कळ्या.

गळतीचं दुसरं कारण मात्र मावशींच्या डोंगरावर नव्हतंच. सीताफळाचं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, त्यामुळे ते स्वतःचं स्वतः फळत नाही. परागकण पोचवायला बारीक भुंगेरे लागतात, ते आमच्या चौथ्या मजल्यावर कुठून येणार? मग पहाटे उठून पाकळ्या पूर्ण सुटलेल्या फुलातले परागकण मुलाच्या रंगाच्या ब्रशने टिपायचे आणि अर्धवट उघडलेल्या फुलात अलगद फिरवायचे. मुलाला हे काम इतकं आवडलं की शाळेची बस दोनदा चुकली.

चार फळं धरली. एक पिठ्या ढेकणाने खाल्लं. मुंग्यांची रांग दिसली तेव्हाच निंबोळी तेल फवारायला हवं होतं, मी आळस केला.

उरलेली तीन तांदळाच्या डब्यात ठेवून पिकवली. पहिलं आजीपुढे ठेवलं. तिने दोन्ही अंगठ्यांनी ते उकललं, एक फोड तोंडात घेऊन बराच वेळ घोळवली.

"गर जरा पातळ आहे," ती म्हणाली. मग सगळं फळ एकटीने संपवलं. कुणाला विचारलंसुद्धा नाही. बिया तळहातावर घेऊन मोजल्या, एकतीस भरल्या.

"सावलीत वाळव," तिने माझ्या मुलाला सांगितलं, "आणि दाताखाली धरू नकोस, विषारी असतात."

त्या आता आमच्या खिडकीत वर्तमानपत्रावर पसरल्या आहेत.