टाकणे आणि ठेवणे

अर्धवट लिहिलेले टाकून देणे कोणास सोपे वाटत असेल तर वाटो. मला ते जड जाते. संगणकाचे प्रोग्राम लिहिताना मी लिनस तोर्वाल्ड्सने २००५ साली निर्माण केलेले ‘गिट’ वापरतो. त्याला ‘रिस्टोअर’ म्हणताच फाइल पूर्वरूपास येते. पण कोठेच न नोंदलेला मजकूर कायमचा जातो, आणि ‘खरेच टाकू का?’ असे यंत्र विचारीतही नाही! म्हणून मी ‘स्टॅश’चा आश्रय घेतो. ते म्हणजे आजीचे फडताळच: नवे गाठोडे वर, जुने तळाशी. (नव्या फायलीला मात्र निराळे सांगितल्याखेरीज तेथे थारा नाही.) ‘पॉप’ म्हटले की वरचे प्रथम हाती येते. आज तेथे १९ गाठोडी आहेत. तळचे कोणत्या हेतूने बांधले होते, ते आता आठवत नाही. तरी ‘ड्रॉप’ लिहिण्यास हात धजत नाही.