चिंगीच्या दोन गाठी

चिंगी ही डोंबिवलीतल्या एका घरात सोळा वर्षे राहिलेली देशी मांजरी. पांढऱ्या अंगावर काळे आणि नारिंगी डाग, म्हणजे तिरंगी. अशी मांजरे जवळजवळ नेहमी माद्याच असतात, कारण नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि काळा व नारिंगी दोन्ही उमटायला ती गुणसूत्रे दोन लागतात. जिन्याखाली जन्मलेल्या पिल्लांपैकी ही एक घरात शिरली आणि घरचीच झाली. कोळीण तळमजल्यावर असतानाच चिंगी दाराशी जाऊन बसे. बोंबील तिला आवडत, सुरमईचे डोके त्याहून अधिक. दुपारी तिची जागा शिवणयंत्रावर, रात्री घरातल्या आजींच्या पायाशी. अनोळखी माणूस आला की ती कपाटावर चढे आणि तो गेल्याशिवाय उतरत नसे. डॉक्टरांकडे न्यायचे तर तिला पिंजऱ्यात घालतानाच घरभर धावपळ होई, आणि परत आल्यावर ती बराच वेळ कोणाच्या हाताला लागत नसे. तिचा हा भित्रा स्वभाव पुढे उपचार ठरवताना रक्ताच्या अहवालाइतकाच मोलाचा ठरला.

तिची नसबंदी उशिरा झाली, तीनदा व्याल्यानंतर. मांजरींच्या बाबतीत हा उशीर महागात पडू शकतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींना स्तनाच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले, वर्षाच्या आत झालेल्यांना ८६ टक्क्यांनी. दोन वर्षांनंतर केलेल्या नसबंदीचा या बाबतीत काही उपयोग दिसला नाही. पिल्ले मात्र थांबतात. एकदा तरी व्यायला हवी, ही समजूत घरोघरी अजून पक्की आहे. ती जितक्या लवकर जाईल तितके बरे.

तेराव्या वर्षी चिंगी पाणी फार पिऊ लागली. आपली वाटी सोडून न्हाणीघरातल्या बादलीवर वाकू लागली, लघवीची वाळू रोज जड लागू लागली, पाठीचा कणा हाताला जाणवू लागला. रक्तात क्रिएटिनिन २.३ मिलिग्रॅम निघाले. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडांचा हा आजार फार आढळतो, आणि तो उशिरा कळतो: मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेल्यावरच क्रिएटिनिन वाढू लागते. १.६ ते २.८ हा दुसरा टप्पा. या टप्प्यावरची मांजरे योग्य आहारावर वर्षानुवर्षे चांगली जगतात. चिंगीचे मासे कमी झाले, कमी फॉस्फरसचे अन्न सुरू झाले. ते तिने बरेच दिवस नाकारले, मग बोंबलाचे पाणी शिंपडून दिल्यावर खाल्ले.

पुढच्या वर्षी आजींच्या बोटांना तिच्या पोटाखाली, डाव्या बाजूच्या तिसऱ्या सडाजवळ, हरभऱ्याएवढी टणक गाठ लागली. मांजरीला सहसा आठ सड असतात, दोन ओळींत चार-चार. तिथल्या गाठींपैकी ८५ ते ९० टक्के कर्करोगाच्या असतात. कुत्रीत हे प्रमाण साधारण निम्मे असते. त्यामुळे ‘काही दिवस वाट पाहू’ हा सल्ला कुत्रीच्या बाबतीत कधी चालून जातो, मांजरीच्या बाबतीत तो धोक्याचाच. गाठीचा आकार इथे जवळजवळ सगळे ठरवतो. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असताना ती काढली तर मांजरी बहुधा तीन वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त जगते. तीन सेंटिमीटरच्या वर गेल्यावर काढली तर हा काळ काही महिन्यांवर येतो. चिंगीची गाठ एक सेंटिमीटरची होती.

घरात दोन मते पडली. आजींचे म्हणणे होते, “म्हातारी झाली रे ती. आता या वयात तिला कशाला कापायचं?” मुलाचे उत्तर होते, “आई, न कापताही ती गाठ थांबणार नाही.” आजींच्या बोलण्यात नुसती माया नव्हती, त्यात एक खरा मुद्दा होता. माणसाला सांगता येते की हे दुखणे बरे होण्यासाठीचे आहे. मांजरीला ते कधीच कळणार नाही. तिच्यासाठी शस्त्रक्रिया म्हणजे फक्त भीती आणि वेदना. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचे चांगले दिवस त्या वेदनेच्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त मिळणार असतील, तरच तिला टेबलावर घेणे न्याय्य ठरते. वय हा या हिशेबातला एक आकडा आहे, पण त्यावरून निकाल लावता येत नाही. खरा प्रश्न असा की तिच्या अंगातल्या दोन आजारांपैकी आधी कोणता तिला गाठणार.

त्याचे उत्तर तपासण्यांनी दिले. छातीच्या एक्स-रेत फुफ्फुसे स्वच्छ होती. गाठ पसरली की बहुधा तिथे दिसते, आणि तसे असते तर विषय तिथेच संपला असता. काखेतल्या आणि जांघेतल्या लसिकाग्रंथी सुजलेल्या नव्हत्या. रक्तदाब १५०, म्हणजे किंचित चढा. पण दवाखान्यात तिचा तो तसाच असणार. हृदयाच्या ठोक्यांत हलकी खरखर होती, म्हणून इको झाला. स्नायू जाड झालेला नव्हता. क्रिएटिनिन वर्षभरात जवळपास जागेवरच होते. म्हणजे मूत्रपिंडे तिला अजून काही वर्षे देत होती आणि गाठ ती वर्षे हिरावून घेणार होती. गाठ तशीच सोडली तर ती वाढून फुटते, वाहते, तिला वास येतो, आणि मांजरी ती दिवसरात्र चाटत बसते. हे ऐकल्यावर आजींनी होकार दिला.

भुलीची भीती घरोघरी असते, तीही पूर्ण निराधार नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत निरोगी मांजरांत भुलीशी जोडलेले मृत्यू हजारात साधारण एक आढळले, आजारी मांजरांत शंभरात एकाहून थोडे जास्त. मूत्रपिंडे दुबळी असताना मुख्य धोका असतो तो रक्तदाब उतरण्याचा, कारण तेवढ्या वेळात उरलेसुरले मूत्रपिंडही उपाशी पडते. म्हणून चिंगीला आधीपासून सलाईन होते, तेही बेताने, कारण मांजरांना जास्तीचे पाणी सहज फुफ्फुसात चढते. दर काही मिनिटांनी दाब मोजला गेला, अंगाखाली गरम पाण्याची गादी होती. वेदनेसाठी ब्यूप्रेनॉर्फिन दिले. मूत्रपिंडांवर ताण आणणारी सुजेची औषधे टाळली. पॅरासिटामॉल तर मांजरांना विषच आहे, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. तापाची घरातली गोळी प्रेमाने चारून मांजर गमावलेली घरे आजही भेटतात, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगायला हवे.

नुसती गाठ न काढता डाव्या बाजूची चारही सडांची पूर्ण ओळ काढली. तेवढी गाठच काढली तर ती त्याच ओळीत पुन्हा उगवण्याची शक्यता बरीच वाढते. घरी आल्यावर टाके चाटू नयेत म्हणून दिलेल्या प्लॅस्टिकच्या कॉलरने ती भिंतींवर आपटू लागली, खाईना. तेव्हा आजींनी जुन्या झबल्याला पायांसाठी चार भोके पाडून ते तिला घातले. त्यात ती शांत राहिली. पहिले दोन दिवस खाण्यावर सगळ्यांचे लक्ष होते, कारण मांजर काही दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून नवेच संकट उभे राहते. तिसऱ्या दिवशी तिने सुरमईचे डोके मागितले आणि पथ्य बाजूला ठेवून ते तिला दिले गेले. पेशींचा अहवाल कर्करोगाचाच आला, पण काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या. पुढे डॉक्सोरुबिसिन ही केमोथेरपी देण्याचा विचार सोडून दिला, कारण ते औषध मांजरांच्या मूत्रपिंडांनाच इजा करते.

पुढची दीड वर्षे चांगली गेली. शिवणयंत्र, कोळीण, कपाट, सगळे होते तसे सुरू राहिले. मग उजव्या ओळीत वाटाण्याएवढी दुसरी गाठ लागली. या वेळी क्रिएटिनिन ४.१ होते, वजन दोन किलोच्या आत आले होते, आणि दाबासाठी अम्लोडिपिन सुरू होते. गाठ पहिलीइतकीच लहान, मांजरी तीच, डॉक्टरही तेच. पण या खेपेला मूत्रपिंडे गाठीच्या पुढे निघून गेली होती. मोठी शस्त्रक्रिया सोसायला तिच्याकडे बळ नव्हते, आणि त्या शस्त्रक्रियेने वाचणारा काळ तिला मिळणारच नव्हता. आधी होकार देणाऱ्या सगळ्यांनी नकार दिला. मुलाला तो जड गेला. आजींना नाही.

तेव्हापासून घरीच कातडीखाली सलाईन देणे सुरू झाले, मळमळीचे औषध, भूक लागण्याची गोळी, आणि खाईल ते. पथ्याचे अन्न बंद करून बोंबील पुन्हा सुरू केले. दवाखान्यात नेणे थांबवले. डॉक्टर घरी येत, तेव्हा ती कपाटावर चढायचा प्रयत्न करी. अडीच महिन्यांनी मूत्रपिंडांनी पूर्ण साथ सोडली, खाणे बंद झाले, तोंडाला फोड आले. डॉक्टरांनी घरीच, आजींच्या मांडीवर, इंजेक्शन देऊन तिला सोडवले. उजवीकडची गाठ तेव्हाही वाटाण्याहून फारशी मोठी नव्हती आणि फुटलेली नव्हती.