आकाशगंगेचा जमाखर्च

आमच्या जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव वाचकांस ठाऊकच आहे. तेथील ग्रामस्थ दरवर्षीं पडलेला पाऊस मोजून पाण्याचा जमाखर्च मांडतात व मगच पिकें ठरवितात. उंसास तेथें मज्जाव आहे. आमच्यापैकीं कित्येकांच्या घरची विहीर फाल्गुनांतच तळ दाखविते. म्हणून ताऱ्यांच्या दुनियेंतही असाच हिशेब आहे असें गुरुजींनीं सांगतांच आम्हीं कान टवकारले.

हिंवाळ्यांत मृगनक्षत्र माथ्यावर आलें म्हणजे त्यांतील तीन ताऱ्यांच्या बाणाखालीं एक धुरकट ठिपका दिसतो. तो सुमारें १३०० प्रकाशवर्षें दूर असलेला वायूचा व धुळीचा मेघ होय. अशा मेघाचा थंड भाग स्वतःच्याच भारानें आंत ढांसळतो, तापतो, आणि नवा तारा पेटतो. त्याच नक्षत्रांतील तांबूस काक्षी मात्र आयुष्याच्या अखेरीस पोहोंचला आहे. तो एके दिवशीं फुटेल आणि त्याच्या पोटांतील बराच वायू पुन्हा आकाशांत पसरेल. सूर्यासारखे तारे फुटत नाहींत, ते आपलें आवरण हळूहळू सोडून देतात. या परत आलेल्या वायूंतून पुढचे तारे घडतात. आमच्या हाडांतील चुना व रक्तांतील लोह हेंही अशाच मृत ताऱ्यांचें देणें आहे, हें ऐकून आम्ही क्षणभर एकमेकांकडे पाहूं लागलों.

परंतु घेतलेलें सर्वच परत येत नाहीं. पुष्कळसें द्रव्य लहान, दीर्घायुषी ताऱ्यांत व मेलेल्या ताऱ्यांच्या गाभ्यांत अडकून राहतें. बाहेरून नव्या वायूची आवक नसेल, तर दीर्घिकेची विहीर आटलीच म्हणून समजावें. आणि तेथें उंसास मना करणारी ग्रामसभा नाहीं!

याचा पुरावा आमच्या शेजारींच मिळाला. नगरहून कल्याण रस्त्यानें आळेफाट्यास गेलें म्हणजे खोडद दूर राहत नाहीं. तेथील महाकाय दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत विखुरल्या आहेत. २८ फेब्रुवारीस, विज्ञानदिनीं, तेथें लोकांस दुर्बीण दाखवितात. आम्हींही ती पाहिली. आमच्यांतील एकास ती पावसाचें पाणी धरण्यासाठीं मांडलेली परातच वाटली.

हायड्रोजन वायूची लहर मुळांत २१ सेंटिमीटरची. आठ अब्ज वर्षांचा प्रवास करून येथें पोहोंचतांना ती ताणून सुमारें दुप्पट होते. एकेका दीर्घिकेचा क्षीण संदेश ओळखूं येईना, म्हणून पुण्याच्या संशोधकांनीं ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र केले. २०२० सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, त्या काळच्या दीर्घिका इतक्या झपाट्यानें तारे घडवीत होत्या कीं, जवळचा वायू त्यांस एक-दोन अब्ज वर्षेंच पुरला असता. पुढें आवक तोकडी पडली व ताऱ्यांचे जन्म मंदावले. आज आपल्या आकाशगंगेंत वर्षाकाठीं एक-दोन सूर्यांइतकाच वायू नव्या ताऱ्यांच्या कामीं येतो.

ही दुर्बीण उभारणारे प्रोफेसर गोविंद स्वरूप त्याच वर्षीं सप्टेंबरांत वारले. निष्कर्ष छापून आला तो ऑक्टोबरांत.