घरपट्टीची पावती

वेल्ह्याच्या खोऱ्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण जिभेला वेल्हंच सवयीचं. घराला वर्षभर कुलूप असतं. तरी दर मार्चला मी घरपट्टी भरायला जातो, ‘नमुना ८’च्या उताऱ्यावर नाव राहावं म्हणून. कार्बन घालून फाडलेली ती फिकट पावती खिशात आली की गाव अजून आपलं आहे असं वाटतं.

यंदा गेलो तर ग्रामसभा होती. चुलते उठले, टोपीच्या घडीतून पावती काढून म्हणाले, “पानीपट्टी भरलीया म्या. नळाला नुसती हवा येतीया, तिचं बी पैसं घेता का?” सभा हसली, पण सरपंचांना उत्तर द्यावंच लागलं. मग पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा विषय निघाला. बंधित निधी ६० टक्के, पाणी आणि स्वच्छतेसाठी. अबंधित ४० टक्के. त्या निधीपुढे चुलत्यांची पाणीपट्टी म्हणजे चिल्लर. तरी कुणी चकार शब्द काढला नाही. “वरून आलाय,” शेजारचा पुटपुटला. वर तरी तो कुठून गेला? साबणाच्या वडीवर चुलतेही २०१७ पासून जीएसटी भरताहेत. पण त्या पैशाची पावती टोपीत ठेवता येत नाही.

हिशेब कुणाला द्यायचा, हा प्रश्न जुनाच. शिवकाळात महाल-परगण्यांचे हिशेब तपासायचं काम सचिवाचं, म्हणजे सुरनिसाचं. राजारामांच्या काळात ते पद शंकराजी नारायणांकडे आलं आणि त्यांच्याच घराण्याचं भोर संस्थान १९४८ पर्यंत चाललं. हिशेब तपासणाऱ्या पदावर उभं राहिलेलं संस्थान! मात्र ती तपासणी राजासाठी होती. रयतेनं भरायचं, हिशेब वर जायचा. आजही निधीच्या उपयोगाचे दाखले वरच जातात. गावाला ते वाचून दाखवतात, एवढाच काय तो फरक.

पावतीचं कौतुक मलाही पुरतं करवत नाही. त्याच सभेत एका बाईंनी वाडीच्या रस्त्याचं विचारलं, तर मागून कुणीतरी ओरडलं, “आधी बाकी भरा!” थकबाकीपायी सदस्याचं पद जाऊ शकतं, हे खरं. पण ग्रामसभेत गावचा प्रत्येक मतदार बसतो, बाकी असो वा नसो. हे मी तिथं बोलायला हवं होतं. बोललो नाही. बाई पदर सावरून खाली बसल्या.

संध्याकाळी त्या दुकानात दिसल्या. साबण, बिस्किटाचा पुडा, काडेपेटी. दुकानदारानं पुठ्ठ्यावर बेरीज मांडली, पैसे घेतले आणि पुठ्ठा परत गल्ल्याखाली सरकवला.