सोलापुरात छापलेले अपूर्णांक

पूर्णांकांची बेरीज करा, वजाबाकी करा, गुणाकार करा; उत्तर पूर्णांकच येतं. पाचातून आठ वजा केले तरी हाती उणे तीन येतात, आणि तेही त्याच कुळातले. भागाकारापाशी मात्र अडतं. सात भाकरी दोघांत वाटायच्या तर साडेतीन, आणि साडेतीन काही पूर्णांक नव्हे. जुन्या पिढीनं त्या साडेतीनचाही पाढा केला होता, औटकी. पावकी, निमकी, दिडकी यांच्या बरोबरीनं ती पोरांच्या तोंडी असे. अपूर्णांकाचं भय त्या पोरांना शिवलंच नसावं.

ते भय मला सोडून गेलं ते सोलापुरात निघालेल्या एका पुस्तकामुळे. १९६३ साली इथल्या जैन संस्कृती संरक्षक संघानं महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. मूळ संस्कृत ग्रंथ नवव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळचा. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. आपल्याच काळ्या मातीतलं हे गणित!

महावीराचार्य अपूर्णांकांत मनापासून रमतात. एकाचे हवे तितके तुकडे करायचे, पण प्रत्येक तुकड्याचा अंश एकच हवा. त्याची रीत ते देतात. एकापासून तिपटीनं वाढत जाणारे छेद मांडा: १, ३, ९, २७. पहिल्याला दोननं गुणा, शेवटच्याला दोन तृतीयांशानं. झाले २, ३, ९, १८. आता अर्धा, एक तृतीयांश, एक नवमांश आणि एक अठरांश मिळवून पाहा, बरोब्बर एक. छेद पाच घ्या, दहा घ्या, बेरीज एकच. मी कागदावर हे करत बसलो की वेळेचं भान राहत नाही.

भागाकारात भाजक उलटा करून गुणायचं, हेही ते सांगतात. मग कुठलाही अपूर्णांक कुठल्याही अपूर्णांकानं भागा, उत्तर अपूर्णांकांच्या घरातच राहतं. (पूर्णांकही याच घरातले, छेद एक असलेले.) अपवाद एकट्या शून्याचा. शून्यानं भागल्यास संख्या तशीच राहते, असं महावीराचार्य म्हणाले, आणि तेवढं मात्र टिकत नाही. भागाकार खरा असेल तर उलट गुणाकारानं मूळ संख्या परत यायला हवी. शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच. मग शून्यानं भागलेले सात परत येणार कुठून?