पहिला फोन, खरे जन्मसाल

मुलाच्या पहिल्या स्मार्टफोनवरचे पालक-नियंत्रण खरे तर फोनमधल्या खात्याला लावलेले असते. अँड्रॉइडवर हे खाते गूगलचे, आयफोनवर अ‍ॅपलचे. समोर मूल आहे की मोठे माणूस, हे ठरते खाते उघडताना भरलेल्या जन्मतारखेवरून. पुढची बहुतेक सगळी कुलपे या तारखेवर लागतात. तिथे झालेली चूक नंतर टाकलेल्या कोणत्याही अ‍ॅपने भरून निघत नाही.

ही चूक बऱ्याचदा दुकानातच होते. फोन चालू करून देणारा विक्रेता घाईत वडिलांच्याच खात्याने लॉगिन करतो, किंवा ‘लहान वय टाकलं की फार विचारत बसतं’ म्हणून भलतेच साल भरतो. वडिलांच्या खात्यावर चालणाऱ्या फोनला घरात मूल आहे याचा पत्ताच नसतो; त्यांचे साठवलेले पासवर्ड आणि कार्ड मात्र मुलाच्या हाती जातात. खोटे साल त्याहून चिवट. २०१४ साली जन्मलेल्या मुलीचे साल २००४ नोंदवले, तर दहाव्या वर्षी ती यंत्राच्या लेखी वीस वर्षांची असते आणि तेराव्या वर्षी तेवीस. जाहिराती आणि सुचवले जाणारे व्हिडिओ त्याच हिशेबाने येतात. इन्स्टाग्रामने किशोरांसाठी बंदिस्त खाती २०२४ मध्ये आणली, भारतात ती २०२५ पासून आली. कागदोपत्री वीस वर्षांच्या झालेल्या या मुलीला त्यांचे संरक्षण मिळेलच असे नाही.

तेरा या आकड्याविषयीचा गैरसमज इथे सविस्तर दूर करायला हवा, कारण सुशिक्षित घरांतही तो पक्का बसलेला आहे. ‘तेरा पूर्ण झाली, आता चालतं’ असे पालक म्हणतात, जणू बालमानसशास्त्रज्ञांनी ती सीमा आखून दिली आहे. ती आली अमेरिकेच्या ‘कोप्पा’ या कायद्यातून. १९९८ साली संमत होऊन २००० मध्ये अमलात आलेला हा कायदा तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करण्याबाबत आहे. संमतीची यातायात टाळण्यासाठी कंपन्यांनी ‘वय किमान तेरा’ अशी अट घातली आणि ती जगभर पसरली. मूल अनोळखी माणसाचा संदेश, रात्रीचे स्क्रोलिंग किंवा वर्गातल्या ग्रुपवरची टवाळी पेलू शकेल की नाही, याच्याशी त्या आकड्याचा काडीचा संबंध नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मूल म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती असे ठरवले आहे. पालकांची पडताळता येईल अशी संमती आणि मुलांवर रोखलेल्या जाहिरातींना मनाई, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांचा अवधी आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून समाजमाध्यमांच्या खात्यांसाठी सोळा ही सीमा घातली. तेरा, सोळा, अठरा: तिन्ही आकडे कायदेमंडळांचे आहेत. आपल्या घरातल्या मुलासाठी वेगळा विचार पालकांनाच करावा लागतो.

अँड्रॉइडवर योग्य क्रम असा. फोन कोरा असतानाच मुलाच्या खऱ्या जन्मतारखेने त्याचे स्वतंत्र खाते पालकांच्या खात्याखाली काढायचे आणि पालकांच्या फोनवर गूगलचे ‘फॅमिली लिंक’ घ्यायचे. पालकांकडे आयफोन असला तरी ते चालते. त्यातून रोजची वेळमर्यादा, झोपेची वेळ आणि नव्या अ‍ॅपसाठी परवानगी ठरवता येते. देखरेखीखालच्या खात्याला क्रोममध्ये इन्कॉग्निटो मिळत नाही. झोपेच्या वेळी फोन कुलूपबंद झाला तरी आलेला कॉल घेता येतो, तेव्हा ‘रात्री गरज पडली तर?’ ही भीती बाळगू नये. एक बारकावा मात्र नेहमी सुटतो. एकदा मंजूर केलेले अ‍ॅप नुसते काढून टाकले, तर मूल ते परवानगीशिवाय पुन्हा उतरवू शकते. नको असलेले अ‍ॅप फॅमिली लिंकमधून ‘ब्लॉक’च करावे लागते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘सेकंड स्पेस’सारखी दुसरी जागा किंवा पाहुण्यांसाठीचे प्रोफाइल असते, तेही तपासून बंद करावे.

आयफोनवर हेच काम ‘फॅमिली शेअरिंग’ आणि २०१८ मध्ये आलेले ‘स्क्रीन टाइम’ करतात. स्क्रीन टाइमचा पासकोड फोन उघडण्याच्या पासकोडपेक्षा वेगळा हवा आणि तो मुलासमोर टाइप करू नये.

वेबसाइट गाळण्याच्या चाळणीबद्दल अपेक्षा फार असतात. आज बहुतेक साइट सांकेतिक जोडणीवर चालतात. त्यामुळे घरचा राउटर किंवा डीएनएसवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर) आधारलेली गाळणी पत्त्यावरचे गाव पाहू शकते, घर नाही. यूट्यूब पूर्ण बंद करता येते; त्यावरचा एक व्हिडिओ अडवणे तिला जमत नाही. मुलाने वाय-फाय सोडून मोबाइल डेटा लावला की राउटरची चाळणी संपते, म्हणून ती फोनच्याच ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये बसवणे बरे. ही सोय अँड्रॉइड ९ पासून आहे. व्हीपीएन मात्र ही चाळणीही ओलांडतो. शिवाय आजोबांचा जुना फोन कपाटात चार्ज केलेला असेल, तर मुलाच्या फोनवरची सगळी मेहनत वाया जाते. घरात जितके फोन तितक्या वाटा, हे ध्यानात ठेवूनच मांडणी करावी.

मुलांचे संदेश गुपचूप वाचून देणारी हेरगिरीची अ‍ॅप या कामासाठी वापरू नयेत. मुलाचे खासगी संभाषण ती तिसऱ्याच कोणाच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतात आणि पकडली गेली की मूल पालकांना सांगणे थांबवते. नियंत्रण काय आहे, किती आहे आणि कोणत्या वयात सैल होणार, हे मुलाला पहिल्याच दिवशी माहीत असायला हवे.

याचे कारण अनुभवातले आहे. फोटोवरून धमकी आलेली मुले आठवडेच्या आठवडे गप्प राहतात, ती बऱ्याचदा फोन काढून घेतला जाईल या भीतीने. असे काही घडले तर फोन हिसकावू नये, संदेश पुसू नयेत, पैसे देऊ नयेत. पडद्याची छायाचित्रे जपून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते आणि मूल स्वतःही तिथे बोलू शकते. खाते काढून झाले की त्याच बैठकीत, आईबाबांच्या नंबरांखाली, हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये घालून द्यावा.