दारं काढलेली घरं

उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात ‘मायनस’मध्ये जातं. इंदापूर, करमाळा, माढ्याकडच्या माणसांना हे वेगळं सांगावं लागत नाही. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी, आणि त्यातलं 63 टीएमसीच्या आसपास पाणी मृतसाठ्यात मोडतं. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी शून्याच्या खाली मोजायला लागतात. दुष्काळी वर्षी ती फार खाली गेली की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, बुडालेल्या घरांचे पाये दिसू लागतात, आणि नव्या गावठाणातली म्हातारी माणसं आपला उंबरा शोधत चिखलातून हिंडतात. माझ्या वडिलांचं गाव असंच भीमेकाठचं. धरण 1980 साली पुरं झालं, त्याआधीच गाव उठलेलं होतं. माझा जन्म नव्या गावठाणातला. जुनं गाव मी पाहिलं ते फक्त मोठ्यांच्या बोलण्यातून. त्यावर कादंबरी लिहायची हे मी कॉलेजात असताना ठरवलं. ती छापून हातात आली तेव्हा माझी मुलगी कॉलेजात जात होती.

मधला काळ सगळा लिहिण्यात गेला असं नाही. नोकरी होती, आजारपणं होती, ती सगळ्यांनाच असतात. पण वह्या कधी बंद झाल्या नाहीत. मी माहिती गोळा करत होते. भूसंपादन 1894 च्या कायद्याखाली व्हायचं, त्यामुळे कलम चारची अधिसूचना, कलम नऊची नोटीस, मग निवाडा, मग मोबदला, ही सगळी वाट मी कागदोपत्री चालून पाहिली. कुणाच्या विहिरीला किती पैसे लागले, कुणाचा आंबा मोजणीत सुटला, कुणाला लाभक्षेत्रात जमीन मिळाली आणि तिच्यात दगडच निघाले, हे लिहून घेतलं. ‘झाडाझडती’ 1991 साली आलेली होती. धरणग्रस्तांवरची विश्वास पाटलांची एवढी ताकदीची कादंबरी मराठीत असताना आपण आणखी काय सांगणार, हा प्रश्न छातीवर बसलेला होता, आणि त्याला उत्तर म्हणून मी आणखी माहिती जमवत होते. प्रकरणं वाढत गेली. धरणाच्या सर्वेक्षणापासून उसाच्या बागायतीपर्यंतचा काळ त्यांत मावत होता. वाचायला कुणाला द्यावं असं मात्र वाटत नव्हतं.

एका दिवाळीत आत्याला वाचून दाखवलं. तिला अक्षरओळख नाही. गाव उठलं तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालेलं होतं. ती ओसरीवर गहू निवडत बसली आणि मी गाव सोडण्याच्या दिवसाचं प्रकरण वाचू लागले. नोटिसा, पंचनामा, सरकारी ट्रक, म्हाताऱ्यांची रडारड. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन् दारं?”

“कसली दारं, आत्या?”

“अगं, दारं-चौकटी आधी काढून न्याव्या लागत्यात. सागवानी लाकूड पान्यात सोडायचं व्हय? तुळया काढल्या, दारं काढली. नवं घर उभं ऱ्हाईना. मग तसंच बिनदाराच्या घरात ऱ्हायलो की आमी. राती कुत्री आत यायची. नवी नवरी मी, पडदा कशाला लावू? ते कुटं लिवलंस?”

ते कुठंच नव्हतं. कुठल्याच कागदात नव्हतं, कारण दारं निघाल्यापासून पाणी येईपर्यंतच्या दिवसांची सरकारदरबारी काही नोंद होत नाही. पुस्तक नेमकं कशाचं आहे, ते मला त्या ओसरीवर कळलं. वीस-पंचवीस वर्षांचा पट गळून पडला आणि काही आठवड्यांची कादंबरी उरली: दारं निघालेलं गाव, उघड्या घरांतून चाललेला संसार, कुणाचं काय शिजलंय, कोण कुणाशी भांडलंय हे सगळ्यांना दिसतंय, आणि नदी रोज थोडी वर चढतेय. नोटिसांची प्रकरणं काढून टाकली. त्या पानांचं मला कधी दुःख झालं नाही. ती लिहिलेली होती म्हणूनच कादंबरीतल्या तलाठ्याच्या तोंडी एक वाक्य पुरेसं झालं.

त्यानंतर प्रत्येक प्रकरण मी आत्याला वाचून दाखवलं. वाचताना डोळा तिच्या हातांवर असायचा. गहू निवडणारी बोटं थांबली, की तिथे कथा उभी राहिलेली असे. बोटं भराभर चालायला लागली, की मी शिसपेन्सिलीनं समासात खूण करी. बहुतेक खुणा वर्णनांवर पडल्या. संध्याकाळचं आकाश, नदीचा रंग, असल्या मला आवडलेल्या परिच्छेदांवर. तोंडानं वाचताना आपलाच श्वास जिथे अडतो, ते वाक्य कागदावर कितीही देखणं दिसलं तरी त्यात काहीतरी खोटं असतं, हे मी तिथे शिकले आणि आज लिहिणाऱ्या प्रत्येकाला कळकळीनं सांगते.

मराठीतल्या कितीतरी थोर पुस्तकांमागे असं एक ऐकणारं किंवा मागणारं माणूस आहे. बहिणाबाई शेतात आणि घरात काम करताना गात होत्या. त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी आणि सोपानदेवांच्या मावसभावानं ते उतरून घेतलं, म्हणून 1952 साली, त्या गेल्यावर का होईना, त्यांच्या कविता पुस्तकरूपानं आल्या. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीतून, झाशीच्या वेढ्यातून जिवानिशी परत आले. इतिहासकार चिंतामणराव वैद्यांनी लिहा म्हटलं, तेव्हा कुठे पाव शतकानंतर त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला. तो वैद्यांनी छापला 1907 साली, भटजींच्या मृत्यूनंतर. वैद्यांचे उपकार मराठी वाचक विसरणार नाही. पण त्यांनी मजकुरात बराच फेरफार केला होता. भटजींच्या मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती यायला 1966 साल उजाडलं.

प्रुफं हातात आली तेव्हा मला हे फार आठवलं. मुद्रितशोधक अनुभवी आणि मनापासून काम करणारे गृहस्थ होते, पण ‘व्हतं’चं ‘होतं’ आणि ‘ऱ्हायलो’चं ‘राहिलो’ झालेलं होतं. त्यात श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना कुठे रफार उडालेले, कुठे जोडाक्षरं फुटलेली, त्यामुळे चूक कुठली आणि बोली कुठली हे त्यांना तरी कसं कळावं? मी त्यांच्याकडे जाऊन बसले. आम्ही एक तक्ता केला: निवेदनात ‘केलं, गेलं’ चालेल, संवादात बायकांची, पुरुषांची, शाळा शिकलेल्या पोरांची बोली वेगवेगळी राहील, आत्यासारख्या म्हाताऱ्यांच्या तोंडचा एकही शब्द बदलायचा नाही. तक्ता ठरल्यावर त्यांनी जे काम केलं, त्याला तोड नाही. एका पात्राच्या तोंडी शेवटच्या फर्म्यात प्रमाण भाषा शिरली होती, ती त्यांनीच पकडली.

मुखपृष्ठ, कागद, किंमत यांत मला फार गती नाही. ते प्रकाशकांवर सोडलं आणि त्यांनी ते चांगलं निभावलं. प्रकाशन पुण्यात करावं असं सुचवलं गेलं. मी गावठाणातल्या मारुतीच्या पाराचा आग्रह धरला. आत्या पुढच्या रांगेत होती. मी दारं काढण्याचं प्रकरण वाचलं. वाचून झाल्यावर टाळ्या वाजायच्या आत मागून एक आजोबा उठले आणि म्हणाले, आमच्या घराचं दार मी पाठीवर आणलं, बैलगाडी मिळाली नाही म्हणून. मग दुसरं कुणी उठलं. जेवणं खोळंबली. पुस्तकं विकायला मांडलेल्या टेबलाकडे बराच वेळ कुणी फिरकलं नाही.

दुसऱ्या आवृत्तीत हे सगळं घाला, असं अनेकांनी म्हटलं. मी नाही म्हणाले. ते त्यांचं आहे आणि त्यांच्या बोलण्यात जे आहे ते माझ्या हातून उतरणार नाही. त्याऐवजी जो जो म्हणाला त्याला दोनशे पानी वही दिली. वह्या घेणारे पुष्कळ होते, लिहायला बसलेले थोडे. त्यांतले एक निवृत्त शिक्षक, जुन्या गावात नाव चालवणाऱ्याचे नातू, आता महिन्यातून एकदा येऊन मला वाचून दाखवतात. त्यांचं पहिलंच प्रकरण फार लांबलेलं आहे. त्यात काय कापावं हे मी अजून सांगितलेलं नाही. आधी सगळं ऐकून घ्यायचं आहे.